नाव लिहिलं की उघडतं

पाणीपुरवठा कार्यालयाच्या अगदी मागच्या खोलीत, जिथं गोदामाची भिंत खिडकीला नाक लावून उभी होती, तिथं नकाशेबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावानं त्यांना हाक मारल्याचं कार्यालयात कोणाला आठवत नव्हतं. शहराच्या पोटात जेवढे म्हणून नळ होते, जाड, बारीक, गंजलेले, नुसते नावापुरते उरलेले, ते कागदावर आणि पुढं संगणकावर काढण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. कोणाला नकाशा हवा असला की तो दारातून डोकावायचा, बाई तो उघडायच्या, छापून हातात द्यायच्या. माणूस निघून जायचा. भिंत तेवढी राहायची.

घरीही तसंच. दोन खोल्या, तिसरा मजला. आई होती तोवर निदान भांडायला कोणीतरी होतं. आई गेल्यावर उरला तो दूरच्या शहरातला धाकटा भाऊ आणि त्याचा रविवारचा फोन.

"ताई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"काही लागलं तर सांग."

"सांगते."

लागत काहीच नव्हतं, त्यामुळं सांगायलाही काही नव्हतं.

मग एका सकाळी बाईंना एक नकाशा उघडेना. नेहमीसारखा माऊस धरला, बाण चित्रावर नेला, टकटक केलं. पण पहिल्या टक् आणि दुसऱ्या टक्च्या मध्ये हात जरासा हलला आणि नकाशा उघडण्याऐवजी त्याच्या नावाभोवती चौकट आली, जणू संगणक विचारत होता, नाव बदलायचंय का? बाईंना वाटलं, माऊस बिघडला. बदलून घेतला. नवा माऊसही तसाच वागू लागला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे बघितलं. टेबलावर निवांत पडलेला उजवा हात एकटाच थरथरत होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, जसे काही चिमूटभर मीठ पेरताहेत.

बाईंनी तो हात मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं झाकला.

पुढं एक दिवस दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम धावत आला. "बाई, टेकडीवरच्या टाकीचा नकाशा द्या. व्हॉल्व्ह सापडत नाहीये."

बाईंनी टेकडीचं फोल्डर उघडलं. नकाशा नव्हता. जागेवरून उडालाच होता. धाकटे इंजिनिअर आले, कारकून आला, सगळे पडद्यावर वाकून शोधू लागले. शेवटी तो सापडला बाजाराच्या फोल्डरात. बाण धरता धरता थरथरत्या हातानं तो उचलला गेला होता आणि शेजारच्या फोल्डरात जाऊन पडला होता.

"नकाशाला पाय फुटले म्हणायचे!" इंजिनिअर हसले.

सगळे हसले. बाईही हसल्या. हात टेबलाखाली होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून नकाशे कसे उघडायचे? बाईंनी आठ-दहा दिवस निरीक्षण केलं आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. माऊस दगा देतो, पण कळफलक देत नाही. कळ दाबली की दाबली. हात आधी हलला का नंतर, याची ती चौकशी करत नाही. शिवाय डावा हात अजून शहाणा होता. आणि मग त्यांना आठवलं, कार्यालयात संगणक नवे आले तेव्हा माऊस नव्हताच. काळा पडदा असायचा, त्यात लिहायचं आणि काय हवं ते उघडायचं. कसं लिहायचं ते मात्र त्या साफ विसरल्या होत्या.

कार्यालयात कोणाला विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेव्हा त्या काळात सगळ्यांना संगणक शिकवलेले ऑपरेटर आठवले. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पत्ता शोधून एका शनिवारी दुपारी बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आत टीव्ही इतका मोठ्यानं चालला होता की दाराची कडी थरथरत होती.

"कोण आहे?"

"मी नकाशेबाई!"

"नकोशी?" दार उघडलं. "असं का म्हणता, या की आत!"

मास्तरांचा एक कान पुरता गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. बायको गेली होती, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. बाईंना ओळखल्यावर मात्र त्यांनी टीव्ही बंद केला, खुर्चीवरचे कपडे उचलून कॉटवर टाकले आणि कॉटवरचे कपडे कुठं टाकावेत ते न सुचून पुन्हा खुर्चीवर ठेवले. बाई कशाला आल्यात ते तीनदा ओरडून सांगितल्यावर त्यांच्या कानात शिरलं.

"काळी खिडकी? आता कोणाला हवी ती?"

"मला! जुनं आठवावंसं वाटलं!"

हे खोटं होतं, पण मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. जुना संगणक चालू करून त्यांनी बाईंना समोर बसवलं.

"खिडकीचं चिन्ह आहे ती कळ धरून ठेवा आणि आर दाबा. आली चौकट? त्यात सीएमडी. एंटर."

पडद्यावर काळी खिडकी उघडली. एका कोपऱ्यात छोटी रेघ मिणमिणत होती.

"हा संगणक मुका नाही," मास्तर म्हणाले. "पण विचारल्याशिवाय बोलत नाही. आधी सांगायचं, कुठल्या खोलीत जायचं. सीडी लिहून फोल्डरचं नाव. मग विचारायचं, इथं कोण कोण आहे? डीआयआर. तो सगळ्यांची नावं वाचून दाखवेल. मग ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं. आधी स्टार्ट, पुढं नाव. पत्र असेल तर पत्राचा प्रोग्राम उघडेल, चित्र असेल तर चित्राचा. ते तुम्ही सांगायचं नाही, त्याला कळतं."

"प्रोग्राम नुसता उघडायचा असेल तर?"

"कॅल्क लिहा."

बाईंनी चार अक्षरं लिहिली, एंटर दाबलं. आकडेमोडीचा कॅल्क्युलेटर टुणकन समोर आला. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा एखादी गोष्ट त्यांनी बोलावल्यावर सरळ आली होती.

पुढच्या शनिवारी त्या तक्रार घेऊन गेल्या. "मास्तर, नदीकाठची लाइन उघडत नाही!"

"नावात मोकळ्या जागा सोडल्यात का? मग तो एका माणसाची तीन माणसं समजतो. सगळं नाव अवतरणचिन्हांत घाला. पण थांबा, स्टार्टचा एक खोडसाळपणा आहे. अवतरणात आधी जे येईल ते तो खिडकीचं शीर्षक समजतो. म्हणून आधी रिकामी अवतरणचिन्हं द्यायची, आत काही नाही, आणि मग खरं नाव."

"रिकामी कशाला?"

"त्याचं समाधान. काही माणसं नाही का, आधी नमस्कार केल्याशिवाय काम करत नाहीत?"

आणखी एका शनिवारी टॅबची कळ शिकवली. नावाची पहिली काही अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायचं. उरलेलं नाव तो स्वतः पूर्ण करतो.

"आमची ही तशी होती," मास्तर म्हणाले. "मी वाक्य सुरू करायचो, ती संपवायची. मला वाटायचं, मला बोलू देत नाही." मग ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. बाईंना बोलायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं, आणि ओरडून बोलण्यासारखं ते नव्हतं.

असे शनिवार जाऊ लागले. बाईंना आठवड्याला आता एक टोक आलं. कार्यालयात त्या माऊसला हातही लावेनाशा झाल्या. रोज सकाळी लागणारे चारही प्रोग्राम एका दमात उघडावेत म्हणून मास्तरांनी त्यांना एक छोटी फाइल बनवायला शिकवली. तिच्यात चार आज्ञा एकाखाली एक. फाइलचं नाव बाईंनी ठेवलं सकाळ. काळ्या खिडकीत सकाळ लिहिलं की टपाल, नकाशे, तक्रारींचा तक्ता, सगळं आपोआप मांडलं जायचं. नकाशाच्या प्रोग्राममध्येही रेघ कुठून कुठं ते आकड्यांनी लिहून काढता यायचं. वेळ लागायचा, पण रेघ सरळ यायची. कारकून जाता-येता म्हणायचा, "बाई, तुमची गाडी मागे चाललीय. जग पुढं गेलं." बाई म्हणायच्या, "मागे बघून चालवणारा निदान ठेचकाळत तरी नाही." आणि हात पदराआड घ्यायच्या.

घोटाळा झाला तो चहापायी. शनिवारी बाई आल्या की मास्तर चहा टाकायचे. काठोकाठ भरलेला कप बशीत घालून समोर ठेवायचे. तो उजव्या हातानं उचलला असता तर बशी वाजली असती, चहा सांडला असता. डाव्या हातानं उचलला असता तर मास्तरांनी विचारलं असतं; त्यांच्या कानांतलं गेलं ते सगळं डोळ्यांत आलं होतं. म्हणून बाई चहाला हातच लावायच्या नाहीत. "राहू दे, निवू दे," म्हणायच्या. चहा निवायचा, साय धरायची, तसाच मोरीत जायचा.

पुढच्या खेपेला मास्तर म्हणाले, "आज साखर कमी घातलीय." त्याच्या पुढच्या खेपेला, "आज दूध जास्त आहे बरं का." मग एकदा नवी पत्ती आणली, डबा उघडून बाईंना वास घ्यायला लावला. चहा तसाच राहिला. तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"बाई, माझ्या हाताला चव नाही हे मला माहीत आहे. पण एक घोट तरी?"

"मला चहा सोसत नाही, मास्तर!"

कार्यालयात इतकी वर्षं शेजारी बसून बाई दिवसाकाठी किती कप रिचवायच्या ते मास्तरांनी पाहिलं होतं. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि कप उचलून आत घेऊन गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी बाई गेल्या नाहीत. शिकायचं ते शिकून झालंय, आता उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कारण इतकं चोख होतं की त्यात बोट शिरायला जागा नव्हती. आणि एकदा चुकलेला शनिवार दुसऱ्या शनिवारी जास्तच जड होतो. असे बरेच गेले.

भर उन्हाळ्यात मुख्य नळ फुटला. रस्त्यावर तळं झालं, फोन खणखणू लागले, आणि इंजिनिअर, मुकादम, कारकून सगळे बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एवढी माणसं त्या खोलीत कधी मावली नव्हती. पाठीवर एवढे डोळे आल्यावर उजवा हात असा काही नाचायला लागला की टेबलावरचा पेन घरंगळून खाली गेला. बाईंनी तो हात काखेत दाबला आणि एका डाव्या हातानं नाव लिहिलं, टॅब दाबलं, एंटर दाबलं. नकाशा उघडला. सगळे पडद्यावर वाकले, हवं ते बघून झालं, छापील कागद घेऊन पळाले. इंजिनिअर तेवढे दारात थबकले.

"बाई, थंडी वाजतेय का तुम्हाला? केवढ्या थरथरताय."

"हो," बाई म्हणाल्या. "जरा कसर आहे अंगात."

इंजिनिअर मनानं चांगले. त्यांनी लगेच पंखा बंद केला आणि सगळ्यांना बजावलं, बाईंना वारा सोसत नाही, पंखा लावायचा नाही. तो सबंध उन्हाळा बाईंनी बिनपंख्याच्या खोलीत काढला. घामानं कळा बोटांना चिकटायच्या. आणि आता कोणी दारातसुद्धा रेंगाळेना, कारण आत भट्टी होती.

शेवटी त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हात उघडायला-मिटायला लावला, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. बाईंचं अक्षर शेवटाकडे मुंगीएवढं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "गोळ्यांनी आवरतं. जात नाही. घरी कोण आहे?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"त्यांना सांगा. एकट्यानं निभत नाही हे."

बाहेर येऊन बाई फुटपाथवर उभ्या राहिल्या. घरी कोण आहे या प्रश्नाला त्यांच्या मनात जे उत्तर आलं होतं त्याचं त्यांनाच नवल वाटलं. त्या तशाच मास्तरांच्या घराकडे निघाल्या.

दाराला कुलूप होतं. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. "त्यांना मुलगी घेऊन गेली की. एकदा गॅस उघडा ठेवून झोपले होते. शनिवारचे फार वाट बघायचे कोणाची तरी. तुमचीच का?"

शेजारणीनं मुलीचा नंबर दिला. "पण दुपारी जेवायच्या वेळेलाच करा. एरवी ती कामावर असते, आणि म्हाताऱ्याला घंटी ऐकू येत नाही."

दुपारी जेवायच्या वेळी म्हणजे कार्यालयातून. दुसऱ्या दिवशी बाईंनी खोलीचं दार लोटलं आणि फोन लावला. मुलीनं तो वडिलांच्या कानाला लावून दिला.

"मास्तर, मी नकाशेबाई!"

"कोण?"

"नकाशेबाई! मास्तर, माझा हात थरथरतो!"

"काय भरभरतो?"

"भरभरत नाही! थरथरतो! हात! हात!"

"भात?"

बाईंनी डोळे मिटले. एवढे महिने जे त्यांनी टेबलाखाली, पदराखाली, काखेत दडवलं होतं ते आता त्यांना छाती फुटेस्तोवर ओरडावं लागलं. "माझा उजवा हात थरथरतो, मास्तर! आजार झालाय! कप धरता येत नव्हता! म्हणून चहा घेतला नाही! चहा चांगला होता! वास फार चांगला यायचा!"

बाईंना वाटलं, फोन तुटला.

"आणि मी साखर कमी-जास्त करत बसलो," मास्तरांचा आवाज आला. "अहो, सांगायचं ना. मी कप अर्धाच भरला असता."

फोन ठेवून बाई वळल्या तर दार सताड उघडं. हातात डबे घेतलेले इंजिनिअर, कारकून, मुकादम, झाडूवाली मावशी, सगळे उभे. कोणाच्या तोंडातला घास खाली उतरत नव्हता.

"म्हणजे बाई," इंजिनिअर म्हणाले, "ती कसर..."

"नव्हती," बाई म्हणाल्या. "पंखा लावा आता."

त्यानंतर सगळे त्यांच्याशी फार चांगलं वागले. इतकं, की बाईंशी बोलताना ते सावकाश आणि मोठ्यानं बोलू लागले, जसा आजार कानाला झालाय. भावाला कळवलं तेव्हा तो धावत आला. चार दिवस राहिला. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी बसवली, औषधं आणली, आणि निघताना खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, आमच्याकडेच ये ना राहायला." खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघू." त्याला हायसं वाटलेलं बाईंना दिसलं, आणि त्याबद्दल त्यांना रागही आला नाही. त्याचं घर केवढं, मुलं किती, त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांशी त्या अधूनमधून बोलायच्या. शनिवारी मुलगीही घरीच असायची. ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळं बाईंच्या इमारतीत सगळ्यांना सगळं कळू लागलं. पुढच्या हिवाळ्यात मुलीचाच फोन आला. ती हळू आवाजात बोलली, तेव्हाच बाईंनी ओळखलं.

गोळ्यांनी काही काळ निभलं. मग डावा हातही बिघडला. एकेक अक्षर दोनदोनदा उमटू लागलं, आणि काळी खिडकी प्रत्येक नावाला म्हणू लागली, अशी फाइल सापडत नाही. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कार्यालयानं शाल दिली, इंजिनिअर चार शब्द बोलले, त्यातला एक चुकला.

बाईंच्या जागी एक मुलगी आली. चुणचुणीत, हसतमुख. एका दुपारी बाईंचा फोन वाजला.

"नमस्कार, मी नकाशेबाई बोलतेय."

बाईंना क्षणभर काही समजेना. मग समजलं. नाव खोलीचं होतं, खोली तिथंच होती.

"बोल," त्या म्हणाल्या.

"सॉरी हं, मावशी, त्रास देतेय. गोदामाच्या मागून एक लाइन जाते म्हणतात, तिचा नकाशा कुठं ठेवलाय?"

बाईंनी फोल्डर सांगितलं, नाव सांगितलं, नावात जागा कुठं सोडल्यात तेही सांगितलं.

"मिळाला!" पलीकडे माऊसची टकटक स्वच्छ ऐकू आली. "थँक्यू, मावशी. आणखी एक विचारायचं होतं."

"विचार ना," बाई खुर्चीत सरसावून बसल्या.

"थांबा हं, दारात कोणीतरी आलंय. मी नंतर करते."

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. ती लाइन फार जुनी, व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे तिला सांगायला हवं होतं. नंतर सांगू. त्या बसून राहिल्या. भिंतीवरचं ऊन सरकत छताला गेलं आणि मावळलं. दिवा लावायला उठल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आज दिवसभरात आपण बोललो ते तेवढंच.